‘ब्राउन गर्ल ड्रीमिंग’: मराठी वाचकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पुस्तक नेमकं काय आहे? कवितासंग्रह की आत्मचरित्र?

दोन्ही. जॅकलिन वुडसन या अमेरिकन लेखिकेनं स्वतःचं बालपण मुक्तछंदातल्या छोट्या कवितांमधून सांगितलं आहे. प्रत्येक कवितेला स्वतंत्र शीर्षक आहे, काही जेमतेम तीन ओळींच्या, काही दोन-तीन पानांच्या. पण कवितासंग्रह चाळतो तसं मधलंच पान उघडून वाचलं तर फार काही हाती लागत नाही. क्रमानं वाचायचं. सव्वातीनशेच्या वर पानं पाहून दचकू नये. पानावर मोकळी जागाच जास्त आहे. लेखिकेच्या स्वतःच्या आवाजातलं ध्वनिपुस्तक साधारण चार तासांत संपतं, त्यावरून अंदाज घ्या.

पुस्तक २०१४ साली आलं. त्याच वर्षी त्याला किशोरवयीन वाङ्मयासाठीचं नॅशनल बुक अवॉर्ड मिळालं आणि पुढच्या वर्षी कृष्णवर्णीय लेखकांसाठीचा कोरेटा स्कॉट किंग पुरस्कार. माहितीपर बालसाहित्यासाठीच्या सायबर्ट सन्मानातही त्याची निवड झाली. म्हणजे तिकडे ते ‘सत्यकथन’ म्हणून धरलं जातं, कल्पित म्हणून नव्हे.

सगळं खरं आहे म्हणता, मग स्वतःच्या जन्माची आठवण तिला कशी?

नसतेच. आणि ती तसा आवही आणत नाही. जन्म झाला सकाळी, दुपारी उशिरा की रात्रीच्या सुमाराला, यावर आजी, आई आणि वडील तिघांचं तीन तऱ्हेचं म्हणणं आहे. वुडसन त्यातलं एक खरं ठरवून बाकीची दोन खोडत नाही, तिन्ही ठेवते. जिथे कागद आहे तिथे कागद वापरते: जन्मदाखल्यावर आईचं वय २२, वडिलांचं २५, आणि बाळाच्या, आईच्या, वडिलांच्या, अशा तिघांच्याही नावापुढे ‘निग्रो’. बाळाला नाव मिळायच्या आधी वर्ण मिळतो, एवढंच त्यातून दिसतं. कवितेत त्यावर टिप्पणी नाही.

वाचायच्या आधी इतिहास किती माहीत हवा?

एक पानभर पुरे, पण तारखा डोक्यात पक्क्या हव्यात. वुडसनचा जन्म १२ फेब्रुवारी १९६३चा, ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरात. त्याच वर्षी एप्रिलमध्ये कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीचे नेते मार्टिन ल्यूथर किंग अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅमच्या तुरुंगात होते, २८ ऑगस्टला वॉशिंग्टनचा मोर्चा निघाला, १५ सप्टेंबरला बर्मिंगहॅमच्या चर्चमध्ये बाँबस्फोट होऊन चार मुली मेल्या. २ जुलै १९६४ला नागरी हक्क कायदा झाला, ६ ऑगस्ट १९६५ला मतदान हक्क कायदा. ४ एप्रिल १९६८ला किंग यांची हत्या झाली.

आता या तारखांपुढे तिचं वय मांडा. पहिला कायदा झाला तेव्हा ती दीड वर्षाचीही नव्हती, दुसऱ्याच्या वेळी अडीच, किंग गेले तेव्हा पाच. त्यामुळे ‘चळवळीचं पुस्तक’ म्हणून मोर्चे नि भाषणं शोधत बसलात तर निराश व्हाल. कायदा बदलल्यानंतर माणसांच्या सवयी बदलायला किती वेळ लागतो, हा या पुस्तकाचा खरा मामला आहे.

सर्वात जवळून दिसतं ते दक्षिण कॅरोलायनातल्या ग्रीनव्हिलमध्ये. गावातल्या ‘फक्त गोऱ्यांसाठी’ पाट्यांवर रंग मारला आहे, पण स्वच्छतागृहांच्या दारांवर मारताना रंगात कंजूषी झाली आहे. पातळ थराखालून अक्षरं अजून वाचता येतात, भुतासारखी दारात उभी. आणखी एक: आंतरराज्य बसगाड्या नि बसस्थानकांवरचा वर्णभेद १ नोव्हेंबर १९६१पासून नियमानं बंद झाला होता. तरी आजी नातवंडांना घेऊन बसमध्ये मागेच जाऊन बसते. नियम तिला माहीत नाही म्हणून नव्हे. पुढे बसल्यावर कोण कसं बघेल, हे तिला माहीत आहे म्हणून.

पाच भाग आहेत. कुठल्या भागात काय?

पहिला कोलंबसचा, वडिलांच्या घरचा. आईवडिलांची फारकत होते तिथे तो संपतो. दुसरा ग्रीनव्हिलमधल्या निकलटाउन वस्तीत आजीआजोबांकडचा, आणि आमच्या मते सर्वात श्रीमंत. तिसऱ्यात आई मुलांना न्यूयॉर्कला, ब्रुकलिनला नेते. चौथा दोन घरांमधला आहे: शाळा ब्रुकलिनला, उन्हाळा ग्रीनव्हिलला, आणि आजोबांचा खोकला वाढत जातो. पाचव्यात ती लिहू लागते.

चौथ्या भागाचं शीर्षक ‘वुई शॅल ओव्हरकम’ या चळवळीतल्या प्रसिद्ध गाण्यातून घेतलं आहे. ‘हम होंगे कामयाब’ शाळेत म्हटलेल्यांना ते लगेच ओळखू येईल, कारण मूळ गाणं तेच.

सुरुवातीला वंशवृक्ष छापला आहे. त्या पानाला खूण घाला. पहिल्या भागात नात्यांचा गुंता होतो तेव्हा दहा वेळा तिथे यावं लागतं. शेवटी कुटुंबाचे फोटो आहेत. ते मात्र आधी पाहू नका.

ही खरंच कविता आहे, की गद्याच्या ओळी तोडल्यात?

हा प्रश्न दर गटात येतो, आणि रास्त आहे. तपासायची रीत सोपी. एक कविता घ्या, सगळ्या ओळी जोडून परिच्छेद म्हणून वहीत उतरवा आणि मोठ्यानं वाचा. मग पुस्तकात आहे तशी, प्रत्येक ओळीच्या शेवटी पाव सेकंद थांबून वाचा. काही कवितांना फरक पडत नाही, हे कबूल करावं लागेल. त्या कथेचा सांधा जोडायला आल्या आहेत. पण कापडाच्या दुकानाची कविता करून बघा. गावातल्या एका दुकानात कृष्णवर्णीय गिऱ्हाइकांनी चोरी करू नये म्हणून त्यांच्या मागे फिरायला बाई नेमली आहे, उपाहारगृहांत त्यांना स्वयंपाकघराजवळ बसवतात. या एका दुकानात मात्र तिथली गोरी बाई आजीला ओळखते, घरच्यांची चौकशी करते, कापडाला हात लावू देते. परिच्छेदात ही नुसती माहिती होते. ओळींत तोडली की आजी एकेका जागी अपमान मोजत मोजत शेवटी या दारात येऊन श्वास सोडते.

मुलांना किती वर्षांपासून देता येईल?

अमेरिकेत साधारण दहाव्या वर्षापासून वाचतात. इंग्रजी दुसरी-तिसरी भाषा असलेल्या आपल्याकडच्या मुलांसाठी सातवी-आठवी ठीक. शब्द सोपे आहेत. अडतं ते संदर्भापाशी. मारहाणीची भडक वर्णनं नाहीत. धाकटा भाऊ भिंतीवरचा रंग खाऊन शिशाच्या विषबाधेनं रुग्णालयात जातो, मामा तुरुंगात जातो, आजोबा वारतात. घरात नुकतंच कोणी गेलं असेल तर चौथा भाग मुलाला एकट्यानं वाचायला देऊ नका.

वाचनगटात किती बैठका लागतात? कसं घ्यावं?

सहा बैठका, प्रत्येकी सव्वा तास, गट आठ ते बारा जणांचा. पहिल्या बैठकीत पुस्तक उघडायचंच नाही: नकाशावर कोलंबस, ग्रीनव्हिल, ब्रुकलिन या तीन जागा दाखवायच्या आणि वरच्या तारखा फळ्यावर लिहून ठेवायच्या. पुढच्या पाच बैठकांना एकेक भाग. प्रत्येकानं घरी भाग वाचून यायचं आणि बैठकीत मोठ्यानं वाचायला एकच कविता निवडून आणायची, जास्तीत जास्त दोन पानांची.

हमखास बिघडतं ते दोन ठिकाणी. एक, वाचणारा ओळीच्या शेवटी थांबत नाही, बातम्या वाचल्यासारखा सुटतो. तेव्हा दुसऱ्याला तीच कविता पुन्हा वाचायला सांगा, चर्चा नंतर. दुसरं, कोणीतरी विचारतं, “या कवितेचा बोध काय?” आणि गट शाळेत जाऊन बसतो. त्याऐवजी विचारा: या कवितेत कुठली वस्तू आहे, ती कोणाच्या हातात आहे? पायाखालचं मिठाचं पाणी, केसांच्या रिबिनी, कोरी वही. गाडी रुळावर येते.

‘सिट-इन’ म्हणजे आपलं धरणं का?

जवळचं, पण तेच नव्हे. धरणं दाराबाहेर धरतात. सिट-इनमध्ये आत जाऊन, जिथे गोऱ्यांनाच वाढतात त्या उपाहारगृहाच्या काउंटरवर बसायचं, ऑर्डर द्यायची आणि मिळाली नाही तरी उठायचं नाही. १ फेब्रुवारी १९६०ला ग्रीन्सबरोमध्ये चार विद्यार्थी वुलवर्थच्या दुकानात असे बसले आणि लोण दक्षिणेत पसरलं. ग्रीन्सबरो हे उत्तर कॅरोलायनात आहे, पुस्तकातलं ग्रीनव्हिल दक्षिण कॅरोलायनात. नावं सारखी म्हणून गल्लत होते. ग्रीनव्हिलमध्ये त्याच वर्षी जुलैत आठ कृष्णवर्णीय विद्यार्थी सार्वजनिक वाचनालयात जाऊन बसले आणि त्यांना अटक झाली. पुढे राष्ट्रीय नेते झालेले जेसी जॅक्सन त्यांतले एक.

पुस्तकात याची तालीम आहे, आणि ती चुकवू नये अशी. शिव्या ऐकून उलट बोलायचं नाही, अंगावर खाणंपिणं ओतलं तरी हात उचलायचा नाही, ताठ बसायचं, रडायचं नाही, हे पोरांना शिकवलं जातं. आणि शिकवणाऱ्यांपैकीच एक नात्यातली बाई देवाकडे मागते की फक्त कोणी अंगावर थुंकू नये. तिथे आपला ताबा राहील याची तिला खात्री नाही. अहिंसा म्हणजे राग नसणं नव्हे, हे कुठल्याही व्याख्यानापेक्षा इथे चांगलं कळतं.

मराठीत सांगताना ‘ब्राउन’, ‘ब्लॅक’, ‘कलर्ड’, ‘निग्रो’ यांचं काय करायचं?

चारही वेगळे ठेवायचे. ‘कलर्ड’ हा पाट्यांवरचा शब्द, ‘निग्रो’ त्या काळचा सरकारी आणि सभ्य समजला जाणारा, ‘ब्लॅक’ साठच्या दशकाच्या अखेरीला लोकांनी स्वतः अभिमानानं उचललेला. सगळीकडे ‘कृष्णवर्णीय’ छापलं की काळाचा हा प्रवासच पुसला जातो. निवेदनात कृष्णवर्णीय चालेल. जन्मदाखल्यात ‘निग्रो’च हवा. जुन्या मराठी पुस्तकांतला ‘हबशी’ अजिबात नको. तो शब्द आपल्याकडे जंजिऱ्याच्या सिद्दींचा इतिहास घेऊन येतो, त्याचा ग्रीनव्हिलशी संबंध नाही.

शीर्षकातल्या ‘ब्राउन’साठी ‘सावळी’ सुचवणारे बरेच भेटतात. कानाला गोड आहे, पण ‘सावळी’ म्हटलं की एकीकडे विठ्ठल उभा राहतो आणि दुसरीकडे वधूवर सूचक मंडळाचा फॉर्म. शीर्षक आहे तसंच ठेवा.

अनुवाद करताना सगळ्यात जास्त चुका कुठे होतात?

स्वयंपाकघरात. पुस्तकातलं ‘बिस्किट’ म्हणजे चहात बुडवायचं बिस्किट नव्हे. दक्षिणेत बेकिंग पावडर घालून भाजलेल्या मऊ, फुगलेल्या छोट्या पावाला ते नाव आहे. शनिवारी रात्री घरात या पावाचा आणि जळक्या केसांचा वास एकत्र येतो. केस जळतात कारण लोखंडी कंगवा शेगडीवर तापवून कुरळे केस सरळ करतात, रविवारच्या प्रार्थनेसाठी. ‘बिस्किटांचा वास’ लिहिलंत तर मराठी वाचकाच्या नाकाशी पुडा येईल. ‘गरम पाव आणि करपलेले केस’ असं सरळ लिहा.

‘डे-वर्क’ म्हणजे रोजंदारी नव्हे. आजी गोऱ्यांच्या घरी धुणं, झाडलोट, स्वयंपाक करायला जाते आणि संध्याकाळी सुजलेले पाय एप्सम सॉल्टच्या गरम पाण्यात सोडते. ‘घरकामाला जाते’ हे पुरतं.

आजोबांना मुलं ‘डॅडी’ म्हणतात. इंग्रजी वाचकाला इथे खुलासा लागतो, मराठीत नाही: आपल्याकडे आजोबांना आप्पा, अण्णा, दादा, बाबा म्हणणारी घरं गल्लोगल्ली आहेत, आई जे म्हणते तेच मुलं उचलतात. फक्त ‘आजोबा’ करू नका. वडील दूर कोलंबसला असताना हा शब्द आजोबांकडे गेला आहे.

आणि ‘मॅम’. आईनं मुलांना हा शब्द वापरायला सक्त मनाई केली आहे, कारण त्यात तिला गुलामीच्या दिवसांची लाचारी ऐकू येते. नजरेला नजर देऊन नुसतं ‘हो’ म्हणा, एवढा आदर बास. मराठीत ‘मॅडम’ केलं तर मुद्दा मेला. मॅडम आपण बँकेतल्या कारकुनालाही म्हणतो. ‘जी बाईसाहेब’ केलं तर मनाई का, ते न सांगता कळतं. तिथेच तू-तुम्हीचा प्रश्न सुटतो: मुलं आई-आजीला ‘तू’ म्हणतील, डॅडींनाही ‘तू’च. ‘तुम्ही’ दुकानात नि शाळेत.

बोलीबाबत एक इशारा. दक्षिणेची बोली म्हणून ग्रीनव्हिलला वऱ्हाडी किंवा मालवणी बोलायला लावू नका. याच घरात आई गावंढळ बोलल्याबद्दल पोरांना रागावते, भावाच्या पायांवर छडीही पडते. घरगुती बोलणं ठेवा: ‘केले, गेले’ नको, ‘केलं, गेलं’ हवं.

ओळी मराठीत नीट तुटत नाहीत. उपाय काय?

कारण साधं आहे: मराठी वाक्य क्रियापदावर संपतं. इंग्रजीत ओळ वस्तूवर संपवता येते, आपल्याकडे प्रत्येक ओळीच्या टोकाला ‘आहे’, ‘होतं’, ‘गेली’ येऊन बसतं आणि कविता इतिवृत्तासारखी वाजू लागते. तीन गोष्टी करून बघा.

‘आहे’ गाळा. ‘पाय सुजलेले. पाणी कोमट.’ हे अस्सल मराठी आहे, काही अडत नाही. दुसरं, बोलताना आपण क्रियापद पुढे आणतोच: ‘येते म्हणाली आई, रविवारी.’ हा क्रम कवितेत बिनधास्त वापरा. ‘रविवारी’ शेवटी आल्यावर वाट बघणं आपोआप येतं. तिसरं, दोन इंग्रजी ओळींना दोन मराठी ओळी हव्यात हा हट्ट सोडा.

मूळ पुस्तक बरंचसं वर्तमानकाळात आहे. जन्माच्या जागी ‘मी जन्मते’ हे कानाला खटकतं. तिथे ‘मी जन्मले’ करा आणि पुढे ‘आजी सांगते, डॅडी बागेत जातात’ असा वर्तमानकाळ धरा. आपण घरात जुन्या गोष्टी अशाच सांगतो.

शीर्षकं इंग्रजीत सगळी लहान लिपीत आहेत. देवनागरीला लहान-मोठी लिपी नाही, तेव्हा ती गंमत गेली समजायची. फाँट बारीक करून ती आणता येत नाही. संवाद मूळात तिरप्या अक्षरांत आहेत. देवनागरी तिरपी केली की मात्रा-वेलांट्या एकमेकींत घुसतात, म्हणून साधी अवतरणं किंवा ओळीआधी आडवी रेघ. आणखी एक जागा अडते: फळ्यावर नाव लिहिताना ‘जॅकलिन’च्या इंग्रजी स्पेलिंगमधला (Jacqueline) लपेटीदार क्यू जमत नाही म्हणून ती ‘जॅकी’ लिहिते. याला मराठी पर्याय शोधू नका, क्यू क्यूच राहू द्या.

मधल्या त्या तीन-तीन ओळींच्या कविता?

‘ऐकावं कसं’ या नावाच्या दहा हायकू आहेत, पुस्तकभर विखुरलेल्या. दहाही एका कागदावर सलग उतरवून वाचा, एक वेगळाच धागा मिळतो. मराठीत करताना ५-७-५ अक्षरांचा आग्रह नको. शिरीष पै यांनी मराठीत हायकू रुजवली तीही अक्षरं मोजून नव्हे.

मुलं शाळेत झेंड्याच्या प्रतिज्ञेला वर्गाबाहेर का जातात?

आजी यहोवाचे साक्षीदार या पंथाची आहे आणि मुलंही त्यातच वाढतात. या पंथात ध्वजाची प्रतिज्ञा, वाढदिवस, नाताळ वर्ज्य. आपल्याकडच्या ख्रिस्ती घरांवरून अंदाज बांधू नका, पुष्कळ ठिकाणी चुकेल.

हे आपल्या दलित आत्मकथनांसारखं आहे का?

नातं खरं आणि जुनं आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्यांना. डॉ. आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकले आणि १९४६ साली त्यांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यूबॉइस यांना पत्र लिहिलं. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या संघटनेचं नाव घेऊन. म्हणजे ही तुलना ओढूनताणून आणलेली नाही.

पण पोत वेगळा. आपली बरीच आत्मकथनं मोठ्या माणसानं मागे वळून, संतापानं आणि हिशेब मांडत लिहिलेली आहेत. इथे निवेदक मूल आहे, घर उबदार आहे, अपमान दाराबाहेर आहे आणि आजी तो शक्यतो दारातच अडवते. शिकवताना ‘कलर्ड म्हणजे आपले अस्पृश्य’ असं समीकरण फळ्यावर मांडू नका. वर्ण कातडीवर दिसतो, जात विचारावी लागते. कोणत्या दारातून कोण आत येतं याचे नियमही त्यामुळे वेगळे होतात. गटात हा फरक कोणी काढला तर त्यावर खुशाल अर्धा तास जाऊ द्या.

मराठीत पद्यात लिहिलेलं आत्मचरित्र आहे का?

आहे, आणि साडेतीनशे वर्षांपूर्वीचं. तुकोबांच्या शिष्या संत बहिणाबाईंनी आपलं लग्न, नवऱ्याचा मार, वासराचा लळा, ब्राह्मण घरात राहून तुकोबांना गुरू मानल्यानं झालेला जाच, हे सगळं अभंगांत सांगितलं आहे. ‘अरे संसार संसार’वाल्या खानदेशच्या बहिणाबाई चौधरी वेगळ्या. वाचनालयात मागताना ‘बहिणाबाई सिऊरकर’ म्हणा, नाहीतर हमखास दुसरं पुस्तक हातात पडतं.

वर्गासाठी दोन-चार कविता मराठीत करून वाटल्या तर चालेल?

वर्गात वाचून दाखवणं, फळ्यावर लिहिणं यात अडचण नाही. छापायच्या, ब्लॉगवर टाकायच्या किंवा कार्यक्रमात तिकीट लावून सादर करायच्या असतील तर मूळ प्रकाशकाची लेखी परवानगी आधी घ्या. लेखिका हयात आहेत, हक्क शाबूत आहेत. ‘श्रेय दिलंय की’ हे परवानगीच्या जागी चालत नाही.

याच धर्तीवर स्वतःच्या घराबद्दल लिहायचं असेल तर सुरुवात कुठून?

एकच प्रसंग घ्या आणि घरातल्या तिघांना वेगवेगळं विचारा, एकमेकांसमोर नको. ऐकताना त्यांचेच शब्द टिपा, विशेषतः कोण कोणाला काय हाक मारायचं ते. तिघांचं जुळलं नाही तर उत्तम. न जुळलेली जागा हीच कविता. मग एका कवितेत एकच वस्तू, पंधरा ते तीस ओळी. पहिला खर्डा गद्यात लिहा, दोन दिवस ठेवा, विशेषणं काढा, त्यानंतर ओळी तोडा. उलट क्रमानं केलंत तर नुसत्या तुटक ओळी उरतात.

शेवटच्या दोन ओळी झाकून कविता पुन्हा वाचून बघा. दहातल्या सात वेळा ती तिथेच संपलेली असते.